मीटरवाल्या आत्यांचा उपास

मी आज धडधाकट आहे ती मीटरवाल्या आत्यांमुळं. हे आधी सांगून टाकते. बाकीचं सांगायला लागले की मी भरकटते, आणि त्या भरकटण्यात ज्यांचं नाव घ्यायचं तेच राहून जाईल अशी मला भीती वाटते. मी सातवीतून शाळा सोडलेली बाई. लिहिताना पुढचं मागं होईल, मागचं पुढं होईल. पण आत्या मागं पडलेल्या मला चालणार नाहीत.

आत्या म्हणजे आमच्या घरमालकीण. तळवड्याच्या कडेला त्यांच्या पत्र्याच्या खोल्यांची एक लांब ओळ होती. तिथं पूर्वी त्यांचं शेत होतं. निम्मं कारखान्यांत गेलं, उरलेल्यावर खोल्या उठल्या. "आदी हितं जवारी पेरायचो, आता भाडेकरी पेरलेत," असं त्या म्हणायच्या. "जवारी बरी. गप उभी ऱ्हायची." प्रत्येक खोलीबाहेर एक छोटा विजेचा मीटर होता. आत्यांना नजर कमी. रोज सकाळी त्या प्रत्येक मीटरला नाक टेकवून आकडा बघत पुढं जायच्या, म्हणून सगळ्या ओळीत त्यांचं नाव मीटरवाल्या आत्या पडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. "म्हणू द्या. मीटर थांबला की समद्यांना माझीच याद येती," म्हणायच्या.

त्यांची दुसरी ख्याती म्हणजे त्या कुणाच्याही खोलीत न विचारता शिरायच्या. दार ढकलायचं आणि आत. कोण जेवतंय, कोण लुगडं बदलतंय, नाइट शिफ्ट करून कोण झोपलंय, काही बघायच्या नाहीत. थेट कोपऱ्यात जाऊन विजेची शेगडी लपवलीय का ते शोधायच्या. शेजारची लातूरवाली एकदा चिडून म्हणाली, "आत्या, जरा कडी तरी वाजवा."

"माझ्याच दारावर मी कडी वाजवू व्हय?"

"आत माणसं राहतात ना!"

"माणसं ऱ्हात्यात म्हणून तर येते. मोकळ्या खोलीत काय काम हाय माझं?"

आम्हाला त्या नावानं हाक मारायच्या नाहीत. लातूरवाली, बीडवाली, तो यूपीवाला, आणि मी हिंगोलीवाली. सुरुवातीला मला वाईट वाटायचं. मग कळलं, की माणसं इतकी येतात-जातात की नावं जपणं त्यांनी सोडूनच दिलंय.

ओळीच्या शेवटी एक खोली होती. तिला बाहेरून कुलूप. भाड्यासाठी कोपरा न् कोपरा वापरणाऱ्या बाईनं ती एक खोली तशीच ठेवली होती. आणि मी स्वतः पाहिलेलं सांगते. सगळ्यांच्या दारातून वाऱ्यासारख्या शिरणाऱ्या आत्या त्या खोलीपाशी थांबायच्या. आधी खाकरायच्या. कडी दोनदा वाजवायच्या. आणि मग कुलूप काढायच्या. आत कोणी नसायचं. लातूरवालीनं मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "तिकडं कपडे वाळत घालू नको. तिथं काहीतरी आहे."

आमचे हे तेव्हा चाकणच्या कारखान्यांतल्या नव्या गाड्या मोठ्या ट्रेलरवरून लांबलांब पोचवायचे. मी एका कंपनीत गाड्यांच्या वायरींना टेप गुंडाळायच्या कामावर होते, कॉन्ट्रॅक्टवर. आमच्याबरोबर माझे धाकटे दीर राहायचे. ते फिटर. एका खोलीत तिघं. पडदा लावलेला. त्या वर्षी हे वाळायला लागले. ताप यायचा, जायचा. तोंडात पांढरं पांढरं यायचं. मी समजत होते, रस्त्यावरचं खाणं. आई फोनवर म्हणायची, कुणाची नजर.

एके सकाळी आत्या आमच्या मीटरपाशी आल्या, पण आकडा बघितला नाही. खोलीत शिरल्या. हे खाटेवर बसून पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडत होते. आत्या त्या पट्ट्याकडं बघत राहिल्या. शेगडी न शोधताच निघून गेल्या. दुपारी मला हाक आली, "हिंगोलीवाले, लाइटबिलाचं बोलायचंय, ये."

मी घाबरतच गेले. त्यांनी घराचं दार लावून घेतलं. दार लावणाऱ्या आत्या मी पहिल्यांदा बघितल्या.

"नवऱ्याचं रगत तपासलंय का?"

"टायफॉइडचं तपासलं."

"ते न्हाई. ते दुसरं. मोठ्या दवाखान्यात करत्यात ते."

"आत्या, असं काही नाही हो त्यांना."

"माझा थोरला आसाच वाळला. आसाच पट्ट्याला भोकं पाडायचा. त्याला घेऊन जा. आन तुजं बी करून घे. तुजं आदी."

त्यांचा थोरला मुलगा होता हेच मला तेव्हा कळलं. जमिनीचे पैसे आले तेव्हा तो विशीत होता. जीप घेतली, मित्र आले, हायवेवरचे ढाबे आले, लॉज आले. त्या काळात या जुन्या गावांतल्या घराघरांत अशी तरणी पोरं गेली, आणि प्रत्येक घरानं टीबी झाला म्हणूनच सांगितलं. आत्यांनीही तेच सांगितलं होतं.

आम्ही पिंपरीला मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या काउन्सेलर मॅडम फार मऊ बोलायच्या. आधी ह्यांना आत घेतलं, मग मला, मग दोघांना. ह्यांना एचआयव्ही निघाला. माझ्या रक्तात काही नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "जोडीत एकाला असतो, एकाला नसतो, असं होतं. तुम्हाला नाही. ते 'नाही' तसंच राहील, एवढं आपण करायचं." मी ह्यांना कधी, कुठं, कुणाकडून हे विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर घेऊन जायचं कुठं, ही खोली सोडून मला जागा नव्हती.

ह्यांचं औषध तिथंच फुकट सुरू झालं. पण डॉक्टरांनी मला समजावलं, की ह्यांच्या रक्तातला विषाणू औषधानं दबेपर्यंत महिने जातील. तोवर निरोध तर हवाच, शिवाय मीही रोज एक गोळी घ्यायची. आजार होऊ नये म्हणून. आधी माझं किडनीचं रक्त तपासतील, आणि ही गोळी त्या फुकटाच्या खिडकीवर माझ्यासाठी नव्हती, बाहेरच्या मेडिकलमधून घ्यावी लागणार होती. मी मान हलवली आणि बाहेर येऊन चिठ्ठी पोलक्यात खुपसली. माझं मन म्हणत होतं, जिला काही झालं नाही तिनं कशाला खायची? ज्याला आहे त्याची फुकट आणि जिला नाही तिची विकत, हा कुठला हिशेब?

आत्यांना मी तेच म्हटलं. "गोळी खाल्ली तर आजार मानल्यासारखं होतंय, आत्या."

"तू शेतकऱ्याची का कुणाची?"

"शेतकऱ्याचीच. कोरडवाहू."

"पेरायच्या आदी बियाला औशीद चोळत व्हता का न्हाई तुजा बाप?"

"चोळायचे."

"तवा बियाला कीड लागल्याली आसायची?"

"नाही."

"मग कशापायी चोळायचा? बियाला नटवाया?"

मला हसू आलं. त्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता रडायला लागले. आत्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "आता पैशाचं मी बघते. तू त्वांड बंद ठेव, म्हंजी झालं."

ओळीतल्या बायकांची भिशी आत्या चालवायच्या. भिशीचा पहिला नंबर चालवणाऱ्या बाईचा, हा सगळीकडचा रिवाज. त्या महिन्यात नवी भिशी सुरू झाली. सगळ्या अंगणात बसलेल्या असताना आत्यांनी आपला पहिला नंबर मला देऊन टाकला. बायका बघतच राहिल्या.

"का हो आत्या, हिला कसा?" लातूरवालीनं विचारलंच.

आत्यांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि ठोकून दिलं, "तिला कुलर घ्यायचाय. नवऱ्याला उकडतंय."

त्या पैशांतून माझ्या गोळ्या येऊ लागल्या. पण कुलर येईना. बायकांनी मला नळावर धरलं. "काय गं, कुलर कुठं अडकला? ट्रेलरवर घालून आणतायत का तुझे मालक?" बीडवाली तर रोज आमच्या खिडकीत डोकावून म्हणायची, "आहाहा, काय गार वारा!" शेवटी आत्यांनी त्यांच्या माळ्यावरचा एक जुना कुलर दोन माणसांकरवी आमच्या खिडकीत आणून बसवला. त्याला मोटर नव्हती. आत चिमण्यांचं घरटं होतं. बायका गप्प झाल्या, पण माझे दीर फिटर. ते पाना घेऊन उभे राहिले. "वहिनी, बंद का ठेवता? मी खोलून बघतो की."

"नको भाऊजी, ह्यांना वाऱ्यानं कणकण येते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आत्या आमच्या मीटरला नाक लावून सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "हिंगोलीवाले! कुलरनं किती युनिट खाल्लं बघ! मीटर हाय का भिंगरी!" मी आत तोंडाला पदर लावून बसले होते. एवढ्या मोठ्यांदा खोटं बोलणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती.

खरी अडचण डबीची होती. माझी गोळीची डबी ह्यांच्या डबीसारखीच. ह्यांनी त्यांची डबी लेबल सोलून ट्रेलरच्या केबिनमध्ये ठेवली होती. माझी खोलीत ठेवली आणि दिरांनी बघितली तर? इंटरनेटवर नाव टाकलं की निघतं. मला आजार नाही हे कोण ऐकणार? ती डबीच सांगणार, हिलाही आहे म्हणून. गावाकडं पोचायला एक फोन पुरला असता. आत्या म्हणाल्या, "आण हिकडं."

त्यांनी ती डबी ठेवली शेवटच्या खोलीत.

त्या खोलीत मी पहिल्यांदा गेले ती आत्यांच्या मागं मागं. आत्यांनी खाकरून कडी वाजवली, कुलूप काढलं. आत लोखंडी खाट, गुंडाळलेली गादी, खुंटीला रिकामी पिशवी. भिंतीवर आरसा. आरशाच्या कडेनं टिकल्या चिकटवलेल्या, लाल, मरून, एक हिरवी. आंघोळीला जाताना बाई कपाळाची टिकली काढून आरशाला लावते ना, तशा. परत लावायच्या म्हणून.

"मंगलच्या," आत्या म्हणाल्या. "थोरल्याची बायकू."

त्यानंतर त्यांनी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. रोज मी ताक न्यायचं निमित्त करून जायची. शिफ्ट बदलली की माझी वेळ बदलायची, तरी आत्या किल्ली घेऊन तयार असायच्या. गोळी माझ्या तळहातावर ठेवायच्या. "गिळ. आता त्वांड उघड." मी लहान पोरीसारखं तोंड उघडून दाखवायची. सुरुवातीला मळमळायचं, तर त्या आल्याचा तुकडा पुढं करायच्या. आणि आरशाकडं बघून हळू म्हणायच्या, "घेतली गं हिनं." ते मला म्हटलेलं नसायचं. माझ्या अंगावर काटा यायचा. पण खरं सांगू? काही दिवसांनी मलाही वाटायला लागलं, की त्या खाटेवर कुणी बसलंय आणि मी गोळी गिळली का ते बघतंय. एखाद्या दिवशी आत्या म्हणायला विसरल्या, तर मीच मनात म्हणायची, घेतली गं.

नवरात्राच्या तोंडावर एक गोष्ट झाली. ती लिहायला लाज वाटते, पण न लिहून भागणार नाही. निरोध फाटला. हे तर खाली मान घालून बसले. मी कुणाला सांगितलं नाही, मॅडमना नाही, आत्यांना नाही. सांगितलं फक्त देवीला. माहूरच्या दिशेला हात जोडले आणि बोलले, आई, मला यातून सोडव, मी नऊ दिवस निरंकार धरते. निरंकार म्हणजे पाण्याशिवाय काही नाही. आमच्याकडं बायका धरतात. आणि निरंकारात गोळी कशी चालेल? पोटात काही गेलं म्हणजे उपास मोडलाच. शिवाय उपाशीपोटी गोळी बाधते, हे लहानपणापासून ऐकलेलं. शिवाय, मनात हेही होतं, की वाचलेल्या गोळ्या पुढं कामाला येतील. ज्या दिवसांत गोळी सोडायची नव्हती, नेमकी त्याच दिवसांत मी ती देवीसाठी सोडली, आणि मला वाटत होतं मी स्वतःला वाचवतेय.

घट बसले त्या दिवशी आत्यांनी डबी काढली तर मी हात मागं घेतला. "नऊ दिवस नको, आत्या. निरंकार धरलाय."

आत्यांचाही उपास होता. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या घट बसायचे, नऊ दिवस त्या पायांत चप्पल घालायच्या नाहीत. कुणाचा उपास मोडणं म्हणजे त्यांच्या लेखी मोठं पाप. त्यांनी डबी परत ठेवली. त्या दिवशी आरशाकडं बघून काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी गेले नाही, त्यांनीही हाक मारली नाही. मी त्यांना लांबून बघितलं. शेवटच्या खोलीच्या पायरीवर बसल्या होत्या. मीटर बघितले नव्हते.

तिसऱ्या दिवशी भरदुपारी आमचं दार उघडलं. आत्या आत आल्या, अनवाणी. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. दीर कामावर, हे बाहेरगावी. मी भिंतीला टेकून बसले होते, उठवत नव्हतं. आत्या माझ्यासमोर खाली बसल्या, फडकं सोडलं. ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. त्यांनी तुकडा मोडला आणि स्वतःच्या तोंडात घातला.

मी ओरडलेच. "आत्या! तुमचे घट बसलेत! देवी कोपंल!"

"कोपू दे." त्या चावत होत्या. त्यांचे डोळे वाहत होते, ठेच्यानं की कशानं, देव जाणे. "माझ्यावर कोपंल. तिला माझं घर ठावं हाय."

"कशाला पण? माझ्यासाठी तुम्ही..."

"का गोळी सोडली? खरं सांग. नुसता उपास न्हाई ह्यो. भ्यालेली बाई निरंकार धरती."

मी निरोधाचं सांगितलं. आत्यांचा घास हातातच राहिला. मग त्या बोलल्या, आणि एवढ्या वर्षांत तेवढंच सलग बोलल्या असतील.

"मंगलनं बी धरला व्हता. आसल्याच नवरात्रात, निरंकार. नवरा बरा व्हावा म्हणून. त्याला काय झालंय ते मला ठावं व्हतं. डागदरनं मला सांगितलं, तिला सांगाया मी दिलं न्हाई. घरातली गोष्ट घरात ऱ्हावी म्हणून. ती म्हणाली, आत्याबाई, मी उपास धरू का? मी म्हणलं, धर पोरी, देवी बघती. नऊ दिस मी तिला पानी दिलं माझ्या हातानं. ती उपास करून त्याच्याच शेजारी निजायची. आन मी म्हणायची, काय गुणाची सून." त्यांनी भाकरीचा दुसरा तुकडा मोडला आणि माझ्यापुढं धरला. "पुढं औशीद निगालं, फुकाट निगालं, तवा ती जित्ती व्हती. तवा बी न्हेली न्हाई मी तिला. दवाखान्यात गावचं लोक बघत्याल. आता सांग, कोण कोपायचं ऱ्हायलंय माझ्यावर?"

मी तुकडा घेतला नाही.

"मी देवीला इचारून आले," आत्या म्हणाल्या. "म्हणलं, तुला उपाशी बाई पायजे का जित्ती बाई पायजे, ते ठरीव. ती काय बोलली न्हाई. मग मीच ठरीवलं."

मी खाल्लं. आत्यांनी कमरेला खोचलेली डबी काढली. गोळी दिली. "त्वांड उघड." मी उघडलं. मग त्यांनी शेवटच्या खोलीच्या बाजूला बघितलं.

त्याच दुपारी आम्ही दोघी रिक्षानं दवाखान्यात गेलो. त्या खिडकीशी आत्या माझ्याबरोबर उभ्या राहिल्या, डोईवर पदर घेऊन, सगळ्यांच्या देखत. तळवड्याचा एक ओळखीचा माणूस रांगेत होता, तो चपापला. आत्या त्यालाच म्हणाल्या, "काय रं, बघतोस काय? तू हितं कशाला आलायस ते मी इचारलं का?" मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, फाटलं तेव्हाच यायला हवं होतं, तेव्हा लगेच काही करता आलं असतं. पण आलात हे बरं झालं. आता त्यांनी रक्त घेतलं, डॉक्टरांशी बोलल्या, आणि परत परत समजावलं. ही गोळी उपाशीपोटीही चालते, एक दिवसही चुकवायची नाही, काही घडलं तर देवाच्या आधी इथं यायचं. मग देवाकडं जा, त्या हसून म्हणाल्या. आणि रक्त पुन्हा तपासावं लागणार होतं, काही आठवड्यांनी, आणि त्यानंतर आणखी एकदा.

ते आठवडे कसे गेले ते मला सांगता येत नाही. टेप गुंडाळता गुंडाळता मी स्वतःच्या मनगटाची शीर बघत बसायची. आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही, हेच तर त्या आजाराचं भेसूरपण. साधी शिंक आली तरी जीव जायचा. स्वप्नात मी त्या आरशासमोर उभी राहायची, आणि माझी टिकली काढून तिथं चिकटवायची, हिरव्या टिकलीच्या खाली. जाग आली की पहिल्यांदा कपाळ चाचपायची.

आत्यांना तो उपास मोडल्याची किंमत घरात मोजावी लागली. धाकट्या सुनेनं भाकरी बांधून नेताना बघितलं होतं. त्या वर्षी त्यांना घटाला हात लावू दिला नाही. देव्हाऱ्यापासून लांब, ओसरीवर बसून त्या आरती ऐकायच्या. मी रडले तर म्हणाल्या, "रडतीस काय? हितनं ऐकायला जास्ती येतं. आतमंदी नुसता धूर."

पहिला रिपोर्ट आला. निगेटिव्ह. शेवटचाही निगेटिव्ह. मी धावत त्यांच्या घरी गेले, तर आत्या शेवटच्या खोलीत. मी कडी वाजवली, आणि आत गेले. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी खाटेच्या कडेवर हात ठेवला. खोली तशीच होती. कुणी सुटकेचा श्वास सोडल्यासारखं वाटलं नाही, काही हललं नाही. एकीचं टळलं म्हणून दुसरीचं पुसलं जात नाही, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

ह्यांच्या रक्तातला विषाणू पुढं इतका दबला की तपासणीत दिसेना. डॉक्टर म्हणाले, असं टिकलं की बायकोला लागत नाही. ते टिकलं, आणि मग माझी गोळी त्यांनीच थांबवली. ह्यांची मात्र रोजची चालूच आहे, जन्मभराची. डॉक्टरांना विचारूनच आम्ही मूल होऊ दिलं. मुलगी झाली, तिलाही काही नाही. ती आता अंगणवाडीत जाते आणि घरात सगळ्यांवर ओरडते.

ती ओळ आता नाही. रस्ता रुंद झाला, खोल्या पाडल्या. आत्यांना धाकट्या मुलानं मोशीला फ्लॅटमध्ये नेलं, उंचावर, लिफ्टनं जायचं. मी गेल्या महिन्यात रजा काढून, मुलीला घेऊन भेटायला गेले. पॅरालिसिसचा झटका येऊन गेला होता. एक हात मांडीवर पडलेला. मला वाटलं, ओळखणार नाहीत.

"हिंगोलीवाली," त्या म्हणाल्या. "निगेटिव हाईस ना अजून?"

"हो आत्या. तुमच्यामुळं."

"माझ्यामुळं काय न्हाई. गोळीमुळं." मग सून स्वयंपाकघरात गेल्याचं बघून त्यांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. "एक इचारू का? मला कोण घालंल गं, शेवटची आंगूळ?"

"असं काय बोलता!"

"ही म्हणती, आता बायका बोलवायच्या भानगडी न्हाईत. फोन केला की गाडी येती, मानसं येत्यात, समदं करून न्हेत्यात." त्यांचा श्वास लागला. "मंगलला आमी आंगूळ घातली न्हाई. दवाखान्यातनं पिशवीत बांधून आली. गावच्या बाया उंबऱ्याभायेर उभ्या. कोण म्होरं आलं न्हाई. मी बी न्हाई. तिला हात लावाया मी भ्याले. पिशवी सोडलीच न्हाई. कुकू बी पिशवीवरनंच लावलं."

खाली कुठंतरी लिफ्टचं दार लागलं. आत्या माझं मनगट सोडत नव्हत्या. माझी मुलगी त्यांच्या पायाशी बसून त्यांच्या जोडव्यांशी खेळत होती.

"मी घालीन," मी म्हटलं.

"तू कंपनीत आसशील."

"कंपनी गेली खड्ड्यात."

त्यांना हसू आलं, अर्ध्याच ओठांनी. "गरम पानी घाल बरं का. मला गार सोसत न्हाई."

निघताना मी धाकट्याला माझा नंबर दिला आणि त्याच्यासमोर त्याच्या फोनमध्ये घालून घेतला. सुनेलाही सांगितलं, की गाडीला फोन करा, पण आधी मला करा. ती हो म्हणाली. आत्यांचं जे माझ्यावर आहे ते भिशीच्या पैशांनी फिटणारं नाही, ते पैसे तर त्यांनी परत घेतलेही नाहीत. तो दिवस लांब राहो, अजून पुष्कळ लांब राहो. पण येईल त्या दिवशी मी कुठल्याही शिफ्टला असले तरी येईन. पाणी तापवीन, हाताला सोसेल असं करून घेईन. आणि उघड्या हातांनी, कपाळापासून पायांपर्यंत, आत्यांना आंघोळ घालीन.